मिखाईल स्कोबेलेव : पांढऱ्या घोड्यावरचा पायदळी जनरल

बिनकामाचा_प्रवासी

काही वर्षांपूर्वी कामासाठी मॉस्कोला गेलो होतो. एक रविवार मोकळा मिळाला, तो त्रेत्याकोव गॅलरीत घालवला. तिथे व्हेरेशचागिनचं एक आडवं चित्र आहे, जवळजवळ तीन मीटर लांब. सगळीकडे बर्फ. अगदी पुढे, आपल्या पायाशी असावेत इतके जवळ, मेलेले शिपाई. जसे कोसळले तसेच गोठलेले. लांब मागे, डोंगराच्या पायथ्याशी शिपायांची रांग टोप्या हवेत उडवतेय आणि तिच्यासमोरून पांढऱ्या घोड्यावर एक माणूस दौडत चाललाय. तो इतका बारीक काढलाय की आधी लक्षातच येत नाही. चित्राला नाव मात्र त्याचंच : शिपका-शेइनोवो, शिपकापाशी स्कोबेलेव.

ज्याच्या नावाचं चित्र तो नखाएवढा आणि मढी पुरुषभर, हे डोक्यातून जाईना. परत आल्यावर सापडेल ते वाचत गेलो. त्यातलं हे थोडं.

मिखाईल दिमित्रियेविच स्कोबेलेवचा जन्म १८४३ सालचा, सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यातला. आजोबा इवान तिथले किल्लेदार. हे आजोबा साध्या शिपाईगिरीतून वर आलेले. एका लढाईत उजव्या हाताची दोन बोटं गेली, पुढे १८३१ला पोलंडात डावा हात गेला. उरलेल्या तीन बोटांत लेखणी धरून शिपायांच्या गोष्टी लिहायचे. वडीलही सेनापती. म्हणजे तीन पिढ्यांचा लष्करी पेशा घरात. पोरगं मात्र पॅरिसच्या शाळेत शिकलेलं, फाडफाड फ्रेंच बोलणारं, अत्तर लावणारं.

घोडदळात भरती, मग जनरल स्टाफची अकादमी, मग १८६८मध्ये तुर्कस्तान, म्हणजे आजचा उझबेकिस्तान वगैरे. सुरुवात काही बरी झाली नाही. बुखाऱ्याच्या लुटारूंशी चकमक झाल्याचा त्याने पाठवलेला अहवाल बनावट असल्याची बोंब झाली, त्यावरून दोन अधिकाऱ्यांशी द्वंद्वं लढला आणि गव्हर्नर-जनरल कॉफमनच्या मनातून उतरला. १८७३च्या खिवा मोहिमेत त्याने ते भरून काढलं. चार फौजा चार बाजूंनी वाळवंट ओलांडून निघाल्या होत्या, त्यातली एक पाण्यावाचून अर्ध्यातून परतली. खिवा पडल्यावर स्कोबेलेव तुर्कमेनांचे कपडे चढवून मोजक्या सोबत्यांसह तो राहिलेला रस्ता बघायला गेला. विहिरी किती, पाणी कसं, दोन विहिरींत अंतर किती, सगळं टिपून आणलं. यासाठी त्याला सेंट जॉर्जचा क्रॉस मिळाला. विहिरी मोजण्यासाठी शौर्यपदक, हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

१८७५-७६मध्ये कोकंदची खानशाही संपवण्यात तो पुढे होता. अंदिजानवर तोफा डागल्या. होय, बाबराचं अंदिजान. खानशाही खालसा झाली, फरगणा प्रांत झाला आणि बत्तिसाव्या वर्षी स्कोबेलेव त्याचा पहिला लष्करी गव्हर्नर.

मग १८७७चं रशिया-तुर्कस्तान युद्ध. (हा तुर्कस्तान म्हणजे ऑटोमन तुर्कांचा. मराठीत दोन्हीला एकच नाव, इलाज नाही.) पीटर्सबर्गच्या दरबारी सेनापतींनी नाकं मुरडली. आशियात 'गाऊनवाल्यांशी' लढून मिळवलेली पदकं ती काय! वडिलांच्या हाताखाली स्टाफचं काम दिलं. डॅन्यूब ओलांडताना तो हुद्दा बाजूला ठेवून साध्या अधिकाऱ्यासारखा लढला.

आणि बल्गेरियातलं प्लेव्हना. तुर्कांच्या उस्मान पाशाने मातीचे बुरूज बांधून हे गाव पाच महिने झुंजवलं. तिसरा मोठा हल्ला ११ सप्टेंबरला झाला. रशियन पंचांगाने ३० ऑगस्ट, झारचा नामदिन (ज्या संतावरून नाव ठेवलं त्याचा दिवस). नामदिनाची भेट म्हणून विजय हवा होता. त्यापायी जवळपास तेरा हजार रशियन आणि तीन हजार रोमेनियन कामी आले किंवा जखमी झाले. दक्षिणेच्या बाजूला एकट्या स्कोबेलेवने दोन बुरूज घेतले. तिथून गाव हाकेवर होतं. तो कुमक मागत राहिला, कुमक येईना. दुसऱ्या दिवशी तुर्कांचे चार प्रतिहल्ले परतवले, पाचव्याला बुरूज सुटले. गोर्तालोव नावाच्या मेजरने बुरूज सोडणार नाही असा शब्द दिला होता. माघारीचा हुकूम आल्यावर त्याने शिपायांना बाहेर काढलं आणि स्वतः आत थांबला. तुर्कांनी संगिनींनी भोसकला.

मॅकगॅहन नावाच्या अमेरिकन वार्ताहराने त्या संध्याकाळी स्कोबेलेवला परत येताना पाहिलं. चिखलाने माखलेला, तलवार मोडलेली, क्रॉस फिरून खांद्यावर गेलेला, तोंड दारूच्या धुराने काळं आणि आवाज इतका बसलेला की नुसती कुजबूज ऐकू यावी. दोघांची ओळख खिव्याच्या वाळवंटापासूनची. पुढच्या वर्षी मॅकगॅहन कॉन्स्टँटिनोपलला तापाने गेला, तेव्हा हा जनरल मयताला उभा राहून रडला.

त्या हिवाळ्यात बाल्कनचे डोंगर ओलांडायचे होते, इमितली खिंडीतून, छातीभर बर्फातून. स्कोबेलेवने हुकूम काढला : प्रत्येक शिपायाने खालून एकेक सुकं लाकूड न्यायचं. वर झाडोरा नाही, असला तर ओला. लोक हसले असणार. पण वर त्याच्या माणसांना गरम जेवण मिळालं. शेजारी शिपका खिंडीत २४वी डिव्हिजन थंडीने अक्षरशः वितळत होती. पहारेकरी उभ्या उभ्या गोठत होते आणि वरिष्ठांचे अहवाल जात होते की शिपकावर सगळं शांत आहे. व्हेरेशचागिनने त्यावरही चित्रं काढली. ९ जानेवारी १८७८ला शेइनोवोला तुर्कांचा वेसेल पाशा शरण आला आणि टोप्या उडाल्या, तेच ते चित्र.

मला वाटतं स्कोबेलेव समजून घ्यायचा तर पांढरा घोडा आणि पांढरा कोट बाजूला ठेवून ते लाकूड हातात घ्यावं. हा माणूस मुळात हिशेबी होता. कोठीवाल्यासारखा.

पुढे ग्योक-तेपेचा वेढा, 'हिंदुस्थानवर स्वारी' आणि अडतिसाव्या वर्षीचा मृत्यू आहे. लिहून दमलो, प्रतिसादांत लिहितो.

चुलीवरची_भाकरी

मस्त! वाचनखूण साठवली. त्या लाकडाचं वाचून आमची हरिश्चंद्रगडाची पावसाळी रात्र आठवली. बारा जण, सामान मणभर आणि काडी पेटेल असं एकही लाकूड नाही. कच्चे पोहे खाल्ले. आमच्यात एक स्कोबेलेव हवा होता.

शंकासुर

शीर्षकात घोळ आहे. पायदळाचा जनरल म्हणताय आणि घोडदळात भरती झाला म्हणताय. पांढऱ्या घोड्यावर बसून पायदळ?

बिनकामाचा_प्रवासी

शंकासुर, शंका रास्त. झारच्या फौजेत 'पायदळाचा जनरल' हा हुद्दा होता, फील्ड मार्शलच्या लगेच खालचा. तसेच 'घोडदळाचा जनरल', 'तोफखान्याचा जनरल'. स्कोबेलेव पूर्ण जनरल झाला तो १८८१च्या जानेवारीत, ग्योक-तेपे घेतल्याचं बक्षीस म्हणून. आजोबा इवानही पायदळाचेच जनरल होते. घोड्यावर तर सगळेच सेनापती बसत. पांढरा मुद्दाम घ्यायचा तो हा, म्हणजे शिपायांना दिसावं. शत्रूलाही दिसायचं, पण त्याच्या अंगाखालचे घोडे मेले, तो वाचला. तुर्क त्याला 'आक पाशा' म्हणत, गोरा पाशा किंवा पांढरा पाशा, कसंही घ्या.

मुठाकाठ

वाचतेय. 'हिंदुस्थानवर स्वारी' लवकर लिहा. आमचे आजोबा घरात कुणी आरडाओरडा केला की "काय रशिया आला का?" म्हणायचे. आम्हाला वाटायचं त्यांचाच काहीतरी विनोद.

बिनकामाचा_प्रवासी

मुठाकाठ, विनोद नसावा! अख्खी दोन पिढ्यांची धास्ती आहे ती. तर स्वारी.

१८७७च्या सुरुवातीला फरगण्यात बसून स्कोबेलेवने एक योजना लिहून वर धाडली. थोडक्यात अशी : काबूलला वकील पाठवून अमीर शेर अलीला आपल्या बाजूला वळवायचं, हिंदुस्थानात इंग्रजांवर नाराज असलेल्यांशी संधान बांधायचं, तुर्कस्तानातून एक फौज बामियानच्या रस्त्याने काढायची आणि शेवटी मध्य आशियातल्या घोडेस्वारांच्या टोळ्या लुटीची लालूच दाखवून, तैमूरच्या दिवसांची आठवण करून देत, हिंदुस्थानवर सोडायच्या. रशियाचा गाभा युरोपात, इंग्रजांचा गळा हिंदुस्थानात, तो इथे दाबला की कॉन्स्टँटिनोपल तिथे सुटेल, असा त्याचा तर्क.

१८७८मध्ये तुर्क युद्धानंतर बर्लिनला वाटाघाटी तापल्या, तेव्हा कॉफमनने फौज हलवली आणि स्तोलेतोवला काबूलला पाठवलं. हाच स्तोलेतोव वर्षभरापूर्वी शिपकाला बल्गेरियन स्वयंसेवकांचा म्होरक्या होता. रशियन वकील काबूलात बसला म्हटल्यावर व्हाइसरॉय लिटनसाहेबांनी आपलाही पाठवला, तो खैबर खिंडीतल्या अली मशिदीपाशी अडवला गेला आणि दुसरं अफगाण युद्ध पेटलं. बर्लिनला तह झालेला असल्याने रशियन मात्र केव्हाच मागे फिरले होते. शेर अली मधल्यामधे मेला.

शंकासुर

म्हणजे बाबराचाच रस्ता. फरगणा, काबूल, पुढे पानिपत. आला असता तर इंग्रज सत्तर वर्षं आधी गेले असते, एवढं तरी झालं असतं.

मुठाकाठ

आणि जागी कोण बसलं असतं? तैमूरच्या दिवसांची आठवण करून देत येणारा पाहुणा म्हणे. दिल्लीवाल्यांना विचारा तैमूरचे दिवस कसे होते.

दारूगोळा_खडकी

अवांतर, पण संबंध आहे. त्या दुसऱ्या अफगाण युद्धात आपल्या भागाने किंमत मोजली आहे. २७ जुलै १८८०ला कंदाहारजवळ मैवंदला इंग्रजी फौजेचा चेंदामेंदा झाला, त्यात निम्म्याहून अधिक मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स, आणि बॉम्बे सॅपर्सची एक कंपनी. सॅपर्स म्हणजे लष्करी अभियंते, आमच्या खडकीचे. त्यांचा कंपनी कमांडर शेवटच्या टोळक्याबरोबर लढत मेला. काबूलात रशियन वकील आला, म्हणून मुंबई इलाख्याचा शिपाई कंदाहारच्या उन्हात पाण्यावाचून मेला, इतकं सरळ नातं आहे.

बिनकामाचा_प्रवासी

दारूगोळा, हे जोडून दिल्याबद्दल खरंच आभार.

आता शंकासुरांच्या 'आला असता तर'साठी. याचं उत्तर खुद्द स्कोबेलेवने दिलंय. १८८२मध्ये चार्ल्स मार्विन नावाचा इंग्रज पत्रकार त्याला पीटर्सबर्गला भेटला आणि हेच विचारलं. स्कोबेलेव म्हणाला, अशा मोहिमेचा सेनापती व्हायला मला आवडणार नाही. अखलच्या (म्हणजे ग्योक-तेपेच्या) मोहिमेला माणसं पाच हजार आणि उंट लागले वीस हजार. ते गोळा करायला ओरेनबुर्ग, खिवा, बुखारा, मंगिश्लाक पालथं घातलं. हिंदुस्थानला दीड लाख माणूस लागेल : साठ हजार आत शिरायला, नव्वद हजार मागचा रस्ता राखायला. मग उंट किती?

करा त्रैराशिक. सहा लाख.

पाच वर्षांपूर्वी तैमूरच्या गोष्टी करणारा माणूस मधल्या काळात उंट मोजून आला होता. आता तो इंग्रजाला हूल देत होता असंही म्हणता येईल, पण आकडा काही खोटा नाही. म्हणून तर अखलच्या मोहिमेत कॅस्पियनच्या किनाऱ्यावरून रेल्वे टाकायला घेतली. बाल्कनच्या युद्धासाठी घेतलेले आणि पडून राहिलेले रूळ तिकडे वळवले. युद्ध संपलं तरी रूळ पुढे समरकंदपर्यंत गेले. इंग्रजांनी स्कोबेलेवच्या घोड्याला घाबरण्यापेक्षा त्या रुळांना घाबरायला हवं होतं, आणि पुढे घाबरलेही.

रानजाई

इतका वेळ गप्प वाचत होते. लेखन छान आहे पण धागा हळूहळू आरती होत चाललाय. शिपायांना गरम जेवण देणारा, मित्राच्या मयताला रडणारा. ग्योक-तेपेचं काय? वरच्या प्रतिसादात 'घेतल्याचं बक्षीस' असा निम्मा उल्लेख. तिथे काय 'घेतलं' तेही सांगा.

बिनकामाचा_प्रवासी

रानजाई, कान पकडलात ते बरं केलंत. टाळत होतो हे कबूल.

ग्योक-तेपे आजच्या तुर्कमेनिस्तानात, अश्गाबादच्या पश्चिमेला. तेके टोळीच्या तुर्कमेनांनी तिथे मातीच्या जाड भिंतींचा प्रचंड कोट बांधला होता. १८७९मध्ये जनरल लोमाकिनने घाईने हल्ला केला आणि रशियन मार खाऊन पळाले. मध्य आशियात अशी नामुष्की त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. ती पुसायला स्कोबेलेव.

त्याने घाई केली नाही. १८८०चं जवळजवळ सगळं वर्ष धान्य, उंट, पाणी, रूळ जमवण्यात घातलं. त्या जुलैत बल्गेरियात त्याच्या आईचा खून झाला. ती तिथे अनाथांसाठी काम करायला गेली होती. मारणारा उझातिस हा त्याच्याच हाताखाली लढलेला अधिकारी, पैशासाठी मारलं, पकडला जाताना स्वतःला गोळी घातली. मुलगा मोहीम सोडून गेला नाही.

जानेवारी १८८१मध्ये वेढा पडला. बाहेर सात हजारांच्या आसपास रशियन आणि सत्तरेक तोफा. आत पंचवीस हजार लढणारे आणि त्यांच्या बायकापोरांसह चाळीस हजारांवर जीव, किबित्का म्हणजे नमद्याच्या तंबूंत. एका कोटात. तेके रात्री बाहेर येऊन खंदकांतल्या शिपायांना तलवारींनी कापायचे, एकदा रशियन निशाण आणि तोफही घेऊन गेले. बंदुका जुन्या, पण माणसं वाघ. तेवीस दिवसांनी, २४ जानेवारीला, भुयारातून टनभराहून जास्त दारू उडवून भिंत पाडली. एका तुकडीच्या पुढे कर्नल कुरोपात्किन होता, जो पुढे जपानकडून हरला.

भिंत पडल्यावर लोक वाळवंटाकडे पळत सुटले. स्कोबेलेवने ड्रॅगून आणि कझाक घोडेस्वार मागे सोडले. पंधरा-सोळा किलोमीटर पाठलाग चालला. त्याच्याच अहवालात आहे : पाठलागात आठ हजार मारले, 'दोन्ही लिंगांचे'. कोटाच्या आत आणखी साडेसहा हजार प्रेतं. मार्विनने त्या दोन शब्दांबद्दल विचारलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला की प्रेतं मोजताना त्यात बायका निघाल्या, लपवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून तसं लिहिलं. आणि पुढे आपलं तत्त्व सांगितलं : आशियात तुम्ही जितकी कत्तल कराल तितके दिवस शांतता टिकते. तिथे त्याने आकडा जवळजवळ वीस हजार सांगितला. त्याच्या अहवालाची बेरीज साडेचौदा हजार होते. म्हणजे मोजणाऱ्या माणसाचीही इथे मोजदाद राहिली नव्हती, किंवा वाढवून सांगणं सोयीचं होतं.

तुम्ही म्हणाल जेवण देणारा तो वेगळा आणि हा वेगळा. मला तसं वाटत नाही, आणि हीच गोष्ट मला बोचते. एका शिपायामागे एक लाकूड, पाच हजार माणसांमागे वीस हजार उंट, इतक्या वर्षांच्या शांततेमागे इतकी मढी. वही एकच आहे.

रानजाई

धन्यवाद. आता पटलं. फक्त एक : ज्यांची मढी मोजली त्यांच्या बाजूने कुणी काही लिहिलेलं असेल तर तेही वाचायला हवं. आपण सगळेच मार्विन आणि मॅकगॅहनच्या डोळ्यांनी बघतोय.

मुठाकाठ

रानजाई +१. तुर्कमेन लोक त्याला 'रक्ताळ डोळ्यांचा' म्हणत असं मी वाचलंय. सोव्हिएत गेल्यावर तिथे, जुन्या कोटाच्या शेजारी, मोठी निळ्या घुमटाची मशीद बांधली आहे.

आणि एक योगायोग. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१चा. म्हणजे पुण्यात अंक वाळत होता तेव्हा ग्योक-तेपेला वेढा चालू होता.

शंकासुर

तो मेला कसा? मी ऐकलंय जर्मनांनी विष घातलं.

बिनकामाचा_प्रवासी

ऐकलंय ते सगळ्यांनीच ऐकलंय. १८८२च्या फेब्रुवारीत पॅरिसला सर्बियन विद्यार्थ्यांपुढे बोलताना हा बोलून गेला की स्लाव लोकांचा खरा शत्रू जर्मन. बर्लिनमध्ये भडका, झारने परत बोलावलं. पाचेक महिन्यांत, ७ जुलैला, मॉस्कोच्या 'इंग्लंड' नावाच्या हॉटेलात एका गणिकेच्या खोलीत रात्री मेला. वय अडतीस. शवचिकित्सेत हृदय आणि फुप्फुसं बंद पडली असं निघालं. एवढा प्रसिद्ध माणूस, असं वय, अशी जागा, त्यात ते भाषण. विषाची अफवा उठली नसती तरच नवल. पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही. मी डॉक्टरच्या बाजूने.

अंत्ययात्रेला मॉस्को लोटली. रियाझानकडच्या स्पास्कोये गावी पुरलं, स्टेशनापासून पुढे शेतकऱ्यांनी शवपेटी खांद्यावर नेली.

चुलीवरची_भाकरी

आणि पुतळा वगैरे? मॉस्कोत दिसला का?

बिनकामाचा_प्रवासी

जुना १९१२चा, गव्हर्नर-जनरलच्या वाड्यासमोर, अश्वारूढ. १९१८च्या मे दिनाला बोल्शेविकांनी पाडला. त्याच चौकात आता मॉस्कोचा संस्थापक युरी दोल्गोरुकी घोड्यावर बसलाय. मी त्याच्याखाली उभं राहून आइस्क्रीम खाल्लं होतं, तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. २०१४ला नवा बसवला, गावाबाहेरच्या बाजूला, तो पाहिला नाही. फरगणा शहराचं नावही १९२४पर्यंत काही वर्षं 'स्कोबेलेव' होतं.

सोफियाकर

बल्गेरियातून लिहितोय, नोकरीनिमित्त तीन वर्षं इथे आहे. धागा उशिरा पाहिला. इथे तो तुर्कांपासून सोडवणारा, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलायची सोय नाही. प्लेव्हनला, म्हणजे तुमचं प्लेव्हना, स्कोबेलेव बाग आहे, त्याच रणभूमीवर. झाडांत जुन्या तोफा ठेवल्यात, शिपायांची हाडं एका अस्थिगृहात आहेत आणि शाळेच्या सहली येऊन पोरं तोफांवर चढतात. आमच्या इमारतीतल्या आजीबाईंना ग्योक-तेपेबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ते कुठे आलं?

पुढच्या शनिवारी तिकडे जाणार आहे. गोर्तालोवचा बुरूज नक्की कुठला होता ते बघून फोटो डकवतो.